अर्ध्या वाटेवरची पदवी

२०२३ च्या पाडव्याची गोष्ट आहे. जेवणे आटोपून पाहुणे गेल्यावर माझी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली आणि तिने मला सांगितले की तिला थेट विद्यापीठात जायचे नाही. आधी आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायची आणि मग तिसऱ्या वर्षाला राज्याच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन बॅचलर्स पूर्ण करायचे, असे तिने ठरवत आणले होते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. राज्याच्याच एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र तिच्या हाती आलेले होते आणि १ मेपर्यंत होकार कळवून अनामत भरायची होती. मी उरलेल्या श्रीखंडाचा डबा फ्रीजमध्ये ठेवत होते; तो तसाच हातात धरून मी तिला म्हणाले, "अगं, पण का? तुला प्रवेश मिळालाय ना?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर तिला काही वाटले नसते. मी विचारला याचे तिला नवल वाटले, कारण मी स्वतः त्याच प्रकारच्या वाटेने आलेली आहे. १९८९ साली दहावी झाल्यावर मी अकरावीला गेले नाही. वडील एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते, माझ्यामागे दोन भावंडे होती, आणि अकरावी-बारावी करून पुढे चार वर्षे इंजिनिअरिंग म्हणजे सहा वर्षे हातात काहीच नाही, असा त्यांचा हिशेब होता. डिप्लोमा केला तर तीन वर्षांनी काहीतरी हातात असेल, पुढचे पुढे बघू, असे ते म्हणाले आणि मी जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात दाखल झाले. तीन वर्षांनी मार्क बरे पडले, म्हणून डायरेक्ट सेकंड इयरला अर्ज केला, आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात जाऊन बसले. महाराष्ट्रात हजारो मुलामुलींनी हे केलेले आहे आणि आजही करतात. त्यांना यातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल.

त्यांना पुढचेही ओळखीचे वाटेल. आमचे प्रवेश उशिरा झाले, त्यामुळे वर्ग सुरू होऊन काही आठवडे उलटलेले होते. हजेरीपटावर आमची नावे आडनावांच्या क्रमात न येता सर्वांच्या खाली, वेगळी, शाईने लिहिलेली होती. आम्हाला डिप्लोमावाले म्हणत. प्रॅक्टिकलमध्ये आम्ही पुढे होतो. बारावीहून आलेल्या मुलांच्या हाती सोल्डरिंग गन पहिल्यांदा येत होती, तेव्हा मी सर्किट बघून बिघाड कुठे असेल ते सांगू शकत होते. पण एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, पहिल्याच तासाला सरांनी लाप्लास ट्रान्सफॉर्म फळ्यावर लिहायला घेतले आणि मध्ये येणारे एक इंटिग्रेशन 'हे तुमचे बारावीला झालेले आहे' असे म्हणून ओलांडले. माझे बारावीला काहीच झालेले नव्हते, कारण मी बारावी केलेलीच नव्हती. डिप्लोमात गणित होते, पण ते वेगळ्या गरजेने बेतलेले होते. त्या विषयात मी पहिल्या खेपेला नापास झाले आणि एटीकेटीवर पुढच्या वर्षात गेले. वडिलांना ते पत्राने कळवताना मी तीन कागद फाडले होते.

इतक्या वर्षांनी मला त्या नापास होण्याचे दुःख उरलेले नाही, पण एक गोष्ट अजून टोचते. डिप्लोमाचा अभ्यासक्रम छापील होता, डिग्रीचाही छापील होता. दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवल्या असत्या तर मधली फट कोणालाही दिसली असती, आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत मी ती भरून काढू शकले असते. ते ना तंत्रनिकेतनातल्या कोणी केले, ना कॉलेजातल्या कोणी, ना मी. डिप्लोमा हा एका घरचा होता, डिग्री दुसऱ्या घरची होती आणि मधला रस्ता कोणाच्याच मालकीचा नव्हता. पाडव्याच्या रात्री मी मुलीला विरोध केला तो या अनुभवामुळे केला, ही गोष्ट मला स्वतःला कळायला आठवडा लागला. तिला मात्र मी तेव्हा वेगळेच सांगितले: लोक काय म्हणतील, वसतिगृहात राहण्याची मजा जाईल, वगैरे.

असोसिएट पदवी म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी एकके, लागतात आणि असोसिएटला साधारण ६०. ही पदवी मुख्यतः दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत मिळते. आमच्या राज्यात त्यांना काउंटी कॉलेज म्हणतात आणि ती १८ आहेत. ही मधली पायरी मुळात कोणाला सुचली याचा इतिहास मी त्या आठवड्यात वाचला, आणि तो वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी विद्यापीठाच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले होते आणि १९०० च्या सुमारास पहिला भाग पूर्ण करणाऱ्याला असोसिएट ही पदवी देण्याची प्रथा सुरू केली. ज्याला पुढे जायचे नाही किंवा जाणे शक्य नाही, त्याला दोन वर्षांनंतर मानाने थांबता यावे, असा त्यामागचा विचार होता. लगेच १९०१ मध्ये हार्पर आणि शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने इलिनॉयमधील जोलिएट गावात, हायस्कुलाच्याच आधाराने, पहिली दोन वर्षे शिकवणारे कॉलेज सुरू झाले. पहिल्या तुकडीत ६ विद्यार्थी होते. घर न सोडता गावातच निम्मे कॉलेज व्हावे, ही त्यातली सोय. 'तीन वर्षांनी काहीतरी हातात असेल' हे आगारातल्या मेकॅनिकचे वाक्य आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांचा हा विचार यांत मला फारसे अंतर दिसले नाही.

पण थांबण्यासाठी केलेली जागा आणि पुढे जाण्यासाठी केलेली पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि असोसिएट पदवीला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. सगळा घोळ तिथे होतो. या पदवीचे तीन प्रकार सामान्यपणे दिसतात: ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स), ए.एस. (असोसिएट इन सायन्स) आणि ए.ए.एस. पहिल्या दोन पुढे बॅचलर्सला जाण्याच्या हेतूने बांधलेल्या असतात. तिसरी, म्हणजे असोसिएट इन अप्लाइड सायन्स, ही मुख्यतः थेट नोकरीसाठी असते. नोकरीसाठी ती उत्तम असते, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. दवाखान्यांतले तंत्रज्ञ, दुरुस्तीची कामे करणारे कुशल लोक, असे कितीतरी जण तिच्या जोरावर संसार चालवतात. पण तिच्यातील बरेच विषय विद्यापीठ मोजत नाही किंवा नुसते ऐच्छिक म्हणून मोजते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने नावातल्या त्या एका जादा अक्षराकडे लक्ष न देता प्रवेश घेतला आणि दोन वर्षांनी विद्यापीठात गेल्यावर त्याला जवळजवळ एक संपूर्ण वर्ष पुन्हा करावे लागले. त्याची आई मला म्हणाली होती, "सल्लागाराने विचारलंच नाही त्याला, की तुला पुढे कुठे जायचंय." ते वाक्य ऐकताना मला एम-थ्रीचा तास आठवला होता.

आधी पैशांचे बोलते, कारण मुलीने सुरुवात तिथून केली होती. त्या शैक्षणिक वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीनुसार देशातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांचे स्थानिक विद्यार्थ्यांसाठीचे सरासरी वार्षिक शुल्क ३,९९० डॉलर होते आणि चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांचे राज्यातील विद्यार्थ्यांसाठीचे ११,२६० डॉलर. राहण्याजेवण्याचा खर्च त्यावर वेगळा, आणि आमचे राज्य सरासरीपेक्षा महागच आहे. शिवाय शाळेच्या वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलांसाठी आमच्या राज्यात एनजे स्टार्स नावाची योजना आहे, तिच्यात काउंटी कॉलेजचे शिक्षणशुल्क माफ होते; मुलगी त्यात बसत होती. ज्या घरांचे उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी वेगळे अनुदान आहे, आणि त्यात वर्षाला ६५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना काउंटी कॉलेज जवळपास मोफत पडते. म्हणजे पहिली दोन वर्षे जवळजवळ फुकट आणि पुढची दोन वर्षे भरलेल्या फीची, असा हिशेब तिने एका कागदावर मांडून माझ्यापुढे सरकवला. तिच्या बाबांना तो लगेच पटला. मलाही पटला, पण हिशेबाच्या खाली 'पुढची दोन वर्षे' हे शब्द तिने ज्या खात्रीने लिहिले होते ती खात्री मला नव्हती.

माझ्या शंकेला आधार होता. अमेरिकी सरकारच्या लेखा कार्यालयाने, म्हणजे जी.ए.ओ.ने, २०१७ मध्ये दिलेल्या अहवालात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेल्याचा अंदाज मांडलेला आहे. त्यात खासगी कॉलेजांतून आलेल्यांचे नुकसान जास्त आहे आणि सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांचे बरेच कमी, पण शून्य नाही. दुसरा आकडा त्याहून जड आहे आणि तो आमचा निर्णय झाल्यानंतरच्या वर्षी, २०२४ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील संशोधन केंद्राने इतर दोन संस्थांसह प्रसिद्ध केला. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण आपल्याला बॅचलर्स करायचे आहे असे सांगतात. येणाऱ्या सर्वांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास प्रत्यक्षात चार वर्षांच्या विद्यापीठात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे सगळे मिळून १६ टक्के भरतात. हा आकडा वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की ती कॉलेजे वाईट आहेत किंवा तिथली मुले कच्ची आहेत. तिथे शिकणारे अनेक जण नोकरी करून शिकतात, कोणाला लहान मूल असते, कोणी एका सत्रात दोनच विषय घेऊ शकतो. तरीही शंभरातले ऐंशी जण एका गावाला जायला निघतात आणि सोळाच पोहोचतात, तेव्हा रस्त्याकडे पाहिलेच पाहिजे.

आमच्या राज्याने तो रस्ता काही प्रमाणात बांधलेला आहे, हे मला मुलीनेच दाखवले. २००७ च्या कायद्यानंतर २००८ मध्ये राज्यातील सरकारी विद्यापीठे आणि काउंटी कॉलेजे यांच्यात एक करार झाला. काउंटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. पदवी पूर्ण करून जो विद्यार्थी राज्याच्या विद्यापीठात जाईल, त्याची ती पदवी बॅचलर्सची पहिली दोन वर्षे म्हणून धरायची आणि सर्वसाधारण शिक्षणाचे, म्हणजे भाषा, इतिहास, समाजशास्त्र वगैरे विषय पुन्हा करायला लावायचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि 'पूर्ण करून' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. सर्व संरक्षण त्या शब्दांत आहे. जो ४५ क्रेडिट करून, पदवी न घेता, घाईने विद्यापीठात जातो, त्याचा प्रत्येक विषय स्वतंत्रपणे तपासला जातो आणि मग काही गळतात. एनजे स्टार्सचा दुसरा टप्पाही, जो विद्यापीठात गेल्यावर वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मदत करतो, तो असोसिएट पदवी हातात असणाऱ्याला आणि ३.२५ गुणांक राखणाऱ्यालाच मिळतो. इथल्या कित्येक पालकांना मी असे बोलताना ऐकले आहे की असोसिएट घेण्यात काय अर्थ आहे, थोडे विषय स्वस्तात उरकायचे आणि निघायचे. निदान आमच्या राज्यापुरते मी त्यांना कळकळीने सांगीन की निघायचे तर पदवी घेऊनच निघावे.

करारात आणखी एक बारीक गोष्ट होती. तो क्रेडिटची हमी देतो, प्रवेशाची देत नाही. विशिष्ट विद्यापीठातला विशिष्ट विभाग दोन वर्षांनी तिला घेईलच असे कुठेही लिहिलेले नाही. हातात आलेला प्रवेश सोडून द्यायचा आणि दोन वर्षांनी पुन्हा रांगेत उभे राहायचे, हे तिला मान्य होते. मला ते रात्री झोपू देत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी, मी माझ्या परीने एक काम केले. विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाची चार वर्षांची विषयांची यादी छापून काढली, काउंटी कॉलेजच्या ए.एस.ची दोन वर्षांची यादी छापली, आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. एनजे ट्रान्सफर नावाचे राज्याचे संकेतस्थळ आहे, तिथे काउंटी कॉलेजचा विषय घातला की विद्यापीठात तो कोणत्या विषयाच्या जागी मोजला जाईल ते दिसते. मुलगी एकेक क्रमांक वाचत गेली आणि मी हिरव्या आणि पिवळ्या पेनाने खुणा करत गेले: जो विषय मुख्य विषयाच्या गरजेत जसाच्या तसा बसतो तो हिरवा, जो नुसता ऐच्छिक म्हणून जमा होतो तो पिवळा. पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक सारे हिरवे होते आणि मी मनातून निश्चिंत होत चालले होते.

मग रसायनशास्त्र आले. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग झाल्याशिवाय ऑरगॅनिक घेता येत नाही, ऑरगॅनिकचेही दोन भाग असतात, आणि त्यातला पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही. म्हणजे चार सत्रे, ओळीने, एकही न चुकता. ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. जनरल केमिस्ट्रीला बसण्यासाठी गणिताची एक पातळी लागते आणि ती सुरुवातीच्या चाचणीत ठरते. चाचणीत कमी पडले तर गणित आधी करा, केमिस्ट्री नंतर. म्हणजे पहिल्या सप्टेंबरात एक विषय हुकला तर तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात पोहोचताना ऑरगॅनिक अर्धे राहिलेले असणार, आणि चार वर्षांची साडेचार किंवा पाच होणार. असोसिएट पदवी मात्र तोवर व्यवस्थित पूर्ण झालेली असणार, कारण पदवीला ६० क्रेडिट हवे आहेत. ते कोणत्या क्रमाने आले हे ती पाहत नाही. साठ पूर्ण, करार लागू, आणि तरीही मुलगी एक वर्ष मागे, असे होऊ शकते, हे त्या दोन कागदांमुळे आम्हाला त्या दुपारी दिसले. तिने चाचणीची तारीख काढली आणि त्याच संध्याकाळी गणिताचे जुने पुस्तक कपाटातून खाली आले.

त्या दुपारी दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. थेट विद्यापीठात जाणारे मूल चार वर्षांत अवघड विषय आणि सोपे विषय मिसळून घेते. एका सत्रात ऑरगॅनिक आणि फिजिक्स असेल तर सोबत इतिहासाचा किंवा संगीताचा एखादा वर्ग ठेवते, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. असोसिएट करून जाणारे मूल हे हलके विषय पहिल्या दोन वर्षांतच संपवून जाते. उरलेल्या दोन वर्षांत फक्त वरच्या पातळीचे विज्ञान उरते, प्रत्येक सत्रात, प्रयोगशाळांसकट, नव्या जागी, नव्या शिक्षकांपुढे. तिथे पहिल्या सत्रात गुण घसरतात, याला इथे ट्रान्सफर शॉक असे नावच आहे. आमच्या वेळी त्याला नाव नव्हते, पण हजेरीपटाच्या तळाशी नावे लिहिलेल्या आम्हा आठ जणांना तो माहीत होता. म्हणून मी मुलीला सुचवले की करारात बसेल तेवढे करावे, पण एखादा मनासारखा, मोजला न जाणारा विषय विद्यापीठातल्या वर्षांसाठी मुद्दाम राखून ठेवावा. तिने चित्रकला ठेवली.

घरातल्या घरात आमचे जवळपास ठरत आले तोवर बाहेरच्यांना ते कळले. एका मराठी घरी जेवायला गेलो असताना एका बाईंनी, अगदी मायेने, विचारले की मार्क कमी पडले का. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्याकडे शिक्षणाची वाट सरळ असली की ती हुशारीची आणि वळण घेतले की ते नाइलाजाचे, असा समज इतका मुरलेला आहे की तो सातासमुद्रापार आला तरी सुटलेला नाही. मुलीने शांतपणे सांगितले की मार्क पुरेसे आहेत, प्रवेशही मिळाला आहे, पण चार वर्षांची फी आणि पुढे मास्टर्स करायचे झाले तर त्याची फी, असा सहा वर्षांचा विचार तिने केला आहे. मी गप्प होते. पदवी हाती आल्यावर मला नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत विचारले होते, "डिप्लोमा करून आलात का?" आणि मी 'हो' म्हणताना आवाज खाली नेला होता. मुलीचा आवाज खाली गेला नाही, हे मी पाहिले. कराडला आईला फोन करून सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू केलंसच की तसं. मग तिला का अडवतेस?"

ही वाट सर्वांसाठी बरोबर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या मुलाला विद्यापीठाने पहिल्या वर्षासाठी मोठी शिष्यवृत्ती देऊ केलेली आहे, त्याने ती सोडून काउंटी कॉलेजात जाणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते, कारण अशा शिष्यवृत्त्या नव्याने येणाऱ्यांसाठी असतात आणि मध्येच येणाऱ्यांच्या वाट्याला फार थोड्या येतात. ज्याला संशोधनात जायचे हे नक्की आहे, त्याने प्रयोगशाळेत प्राध्यापकांबरोबर काम सुरू करण्याची वर्षे मोजून पाहावीत. चारांऐवजी दोनच मिळणार असतील तर ते नुकसान फीच्या तक्त्यात दिसत नाही. आणि आपल्या समाजातली जी मुले आईवडिलांच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामुळे एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर आहेत, त्यांचे गणित निराळे आहे: त्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि २१ वर्षे पूर्ण झाली की ते अवलंबित राहत नाहीत, त्यांना स्वतःचा विद्यार्थी व्हिसा पाहावा लागतो. बॅचलर्सच्या मधोमध हा वाढदिवस येतो. अशा घरांत वर्ष लांबणे म्हणजे नुसते वर्ष लांबणे नसते. तिथे दोन्ही वाटांचा खर्च त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळा मांडावा, आणि शक्य तर जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवावे.

भारतातही हा प्रश्न आता डिप्लोमावाल्यांपुरता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर थांबे ठेवलेले आहेत: एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. क्रेडिट साठवण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही व्यवस्थाही आलेली आहे. मला हा विचार मनापासून चांगला वाटतो, कारण घरच्या अडचणीने दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटलेल्या माझ्या किती मैत्रिणींच्या हातात काहीच उरले नव्हते. पण बँकेत जमा असलेले क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठाचा विभाग कोणत्या विषयापोटी मोजणार, हा प्रश्न तिथेही तोच असणार आहे. भाच्याने मला या थांब्यांविषयी विचारले तेव्हा मी त्याला दोन्ही अभ्यासक्रम छापून शेजारी ठेवायला सांगितले.

मुलीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठाला नकार कळवला आणि काउंटी कॉलेजात नाव नोंदवले. पहिल्या दिवशी ती सल्लागाराला भेटायला गेली तेव्हा बरोबर कॉलेजची यादी नेली नाही; विद्यापीठाची नेली, हिरव्यापिवळ्या खुणांची. जनरल केमिस्ट्री पहिल्याच सत्रात मिळाली. पुढच्या वर्षी ऑरगॅनिकच्या एका सत्राला तिच्या वेळेचा वर्ग भरल्याने रात्रीचा घ्यावा लागला, आणि तो संपायला सव्वादहा वाजत. त्या हिवाळ्यात तिचे बाबा तिला आणायला जात आणि मी वरणभात गरम ठेवून बसत असे. घरी आल्यावर ती जेवता जेवता कार्बनच्या साखळ्या बोटाने टेबलावर काढून दाखवी. मला त्यातले फार कळत नसे, पण वर्गात तिच्याशेजारी बसणाऱ्या, दिवसभर गोदामात काम करून येणाऱ्या गृहस्थांबद्दल ती जे सांगे ते मी लक्ष देऊन ऐकत असे. ते एकही तास चुकवत नसत. त्यांचे उत्तर आले नाही की ती दोघे पार्किंगमध्ये उभी राहून ते सोडवत, आणि तिच्या बाबांना गाडीत दहा मिनिटे थांबावे लागे.

असोसिएट पदवी आपोआप मिळत नाही, ती मिळावी म्हणून अर्ज करावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते आणि त्यामुळेही ती राहून जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती तो अर्ज भरायला त्याच टेबलाशी बसली. विद्यापीठाचे उत्तर तोवर आलेले नव्हते. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि पदवीच्या कागदावर नाव कसे छापायचे ते विचारले, कारण तिथे मधल्या नावाची जागा होती. इथल्या कागदपत्रांत तिने आजवर मधले नाव कुठेच लिहिलेले नव्हते. मी तिला म्हटले, की तुझ्या बाबांचे नाव लिही, आपल्याकडे तसेच असते. ती थोडा वेळ थांबली आणि मग तिने विचारले, "आई, तुझ्या डिप्लोमावर आजोबांचं नाव आहे?"

"आहे," मी म्हणाले, आणि तो बघायला म्हणून आम्ही दोघी वरच्या कपाटातली फाइल काढायला उठलो.